मागावरची गुरं

मौजे बोरखेडी
कार्तिक वद्य ३, शके १८४४

निवृत्ती भाऊजी,

मायना लिहीत नाही. आशीर्वाद लिहिला तर तुमी म्हणान, वहिनीले गरज पडली म्हणून आशीर्वाद आठवला. आणि ते खरंच आहे. गरज पडली म्हणूनच लिहून राह्यली.

आपला कडूबा जागल्या धरला गेला. मोतीराम सोनाराच्या खुनाचा आरोप आहे त्याच्यावर. बुलढाण्याच्या तुरुंगात आहे तो, तुमच्या बिऱ्हाडापासून हाकेवर. तुमी त्याचं वकीलपत्र घ्या. फाशीसुद्धा होऊ शकते म्हणतात.

झालं ते असं. अश्विनात बालाजीच्या यात्रेले सगळं गाव गाड्या जुंपून देऊळगाव राजाले गेलं. मोतीरामाले ताप होता, तो घरी राह्यला. त्याची बायको मनकर्णाबाई नवस फेडायले आमच्यासंगं आली होती. गावात राह्यली म्हातारीकोतारी, आन् राखणीले दफेदार भगवंतराव आन् त्याचे बारा माणसं. आमी दिवसाउजेडीच परतलो, तर मोतीराम आपल्या भट्टीपाशी पडलेला, डोकं फुटलेलं, आन् लोकाईनं लग्नसराईसाठी घडवायले देल्लेले दागिने पेटीसगट गेलेले. दफेदार म्हणाला, कडूबाले मागच्या भिंतीवरून उडी मारताना आपण पाह्यलं. कडूबा गावात होता हे खरं. राखणीवरून काढल्यापासून तो चार माणसात येतच नव्हता, तर यात्रेले कायले येईन!

तो निर्दोष आहे. मले कसं माहीत, हे विचारू नका.

तुमचे दादा तसेच आहेत. अर्धांगवायूनं उजवं अंग गेलं ते गेलंच. बोलणं नाही. डावा हात हालते, ऐकू सगळं येते. तुमचं नाव घेतलं की दाराकडे पाह्यतात.

उत्तर इथं धाडू नका, गावात येणारं टपाल आजकाल पहिले दफेदाराच्या हाती जाते. देऊळगावले उत्तमराव किराणावाल्याच्या पत्त्यावर धाडा. आपला पुंजाजी गुराखी बाजाराच्या दिवशी तिथून आणते.

सत्यभामा


मौजे बोरखेडी
मार्गशीर्ष शुद्ध ९

भाऊजी,

पत्र पावलं. वकीलपत्र घेतलं हे वाचून म्या देवापाशी दिवा लावला. मंग पुढचं वाचलं आन् डोकं तापलं. अहो, बारा सवाल! मी तुमची वहिनी आहे का पिंजऱ्यातली आरोपी? नवी नवरी होती तवा तुमीच पाटीवर अक्षरं गिरवून घेतली माह्याकडून, पण तवाही एवढी उलटतपासणी नव्हती केली.

राखणीचे माणसं कोणी आणले म्हणता. म्या आणले. त्यात लपवायचं काय? परसाल मोगलाईतून टोळी नदी उतरून आली आन् शेजारच्या दोन गावाईत घरं लुटून गेली. पोलीस चौकी चार कोस. आपल्या गावाले जागले दोन, त्यातला एक तापाच्या साथीत गेला. उरला एकटा कडूबा, पन्नाशी उलटलेला, हातात काठी. पाटीलकी ह्याईच्या नावाची, आन् हे बाजेवर पडलेले. सगळं गाव माह्या तोंडाकडे पाहून राह्यलं होतं. म्या काय करायचं होतं, सांगा ना! अकोल्याचा हा दफेदार पलटणीतून आलेला, जिनिंगवाल्याईले राखणीचे माणसं पुरवते, बंदुका परवान्याच्या. म्या बोलावला.

तुमी तवाच म्हटलं होतं, "वहिनी, ह्या माणसाईचा पगार अकोल्याहून होते. ते तुमचा हुकूम काऊन मानतील?" आन् म्या भरल्या चावडीत म्हटलं, ज्याले घरातलं मांजर हाकलता येत नाही त्यानं मले राखण शिकवू नये. तुमी त्याच दिवशी बिस्तरा बांधला. चुकलं माह्यं. एकदा लिहिलं, आता पुन्हा लिहायले लावू नका.

ठेक्याच्या कागदाची नक्कल सोबत आहे. चौथं कलम वाचजा. ठेका चालू असेतोवर गावच्या जागल्यानं गस्त घालायची नाही आन् चोराच्या पावलाचा मागही काढायचा नाही, ते काम ठेकेदाराच्या माणसाईचं. मले वाटलं बरंच आहे, एका कामाले दोघं कायले. सही केली. कडूबाले बोलावून त्याची काठी चावडीत ठेवून घेतली. त्याच्या पणज्यापासूनची राखण. तो काठी पडू नये म्हणून भिंतीले नीट टेकवून गेला.

नववा सवाल, माग कोणीकडे गेला. फौजदाराले सांगतलं तेच तुमाले सांगते. नदीकडे गेला आन् पुढे गुराईच्या खुरात हरपला. फौजदार म्हणतात, कडूबानं पेटी नदीपार साथीदाराले पोचवली. कडूबा तुमाले म्हणाला म्हणे, "मागाचं पाटलीनबाईले विचारा." मले काही ठाऊक नाही. म्हातारा माणूस, भेला असन.

बाकीचे सवाल राहू द्या. दफेदाराचा ठेका अश्विनातच संपला. आता जा म्हटलं तर हसते. म्हणते, "बाई, खुनाचा तपास चालू आहे, गाव असं उघडं टाकून कसं जाऊ?" त्याचे माणसं भाकरीले घरं वाटून घेतात, आज ह्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. मोतीराम गेल्यापासून लोकाईले धाक आहे, तर उलट तेच म्हणतात, पाटलीनबाई, ह्याईले जाऊ देऊ नका. काय बोलावं?

सत्यभामा


मौजे बोरखेडी
मार्गशीर्ष वद्य ११

भाऊजी,

हे पत्र वाचून जाळून टाका. नाही, जाळू नका, तुमाले लागन.

दफेदारानं आपल्या न्हाव्याले दारात येणं बंद केलं. म्हणाला, पाटलासारख्या माणसाची सेवा आमी करू. त्याचा एक माणूस दर दोन दिवसाआड सकाळी येते आन् ह्याईची दाढी करते. दफेदार स्वतः बाजूले पाट घेऊन बसते. आज वस्तरा ह्याईच्या गळ्याशी असताना त्यानं मले विचारलं, "बाई, तुमचे दीर कडूबाचे वकील झाले म्हणे?"

म्या म्हटलं, "झाले असतील. आमचा बोलण्याचा संबंध नाही."

तो ह्याईले म्हणाला, "हालू नका हं पाटीलसाहेब. आमच्या माणसाचा हात चांगला आहे. फक्त मधात कोणी भलतंच बोललं का दचकते तो."

हे माह्याकडे पाहून राह्यले होते. माह्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो म्या दोन्ही हातानं धरला. दाढी झाली. त्या माणसानं वस्तरा ह्याईच्याच पंच्याले पुसला आन् दोघं चहा पिऊन गेले. चहा म्याच देल्ला.

तवा आता खरं सांगते.

खुनाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना, फौजदार यायच्या आधी, कडूबा परसदारी आला. म्हणाला, एक डाव चला. मोतीरामाच्या मागच्या दारापाशी एका ठशावर टोपली पालथी घातली होती. त्याईची ती जुनी रीत, ठसा मोडू नये म्हणून. त्यानं टोपली उचलली. खाली जोड्याचा ठसा. खिळे ठोकलेला जोडा, टाचेले नाल. पुढे तसेच ठसे, दोन माणसाईचे, एकाचं पाऊल भारी पडलेलं, काही ओझं उचलल्यासारखं. शिवेकडे एक पाऊल नाही. सरळ मारुतीच्या मागच्या धर्मशाळेत. तिथी दफेदाराचे माणसं राह्यतात, ते तुमाले माहीत आहे. गावात तसे जोडे दुसऱ्या कोणाच्या पायात नाहीत. कडूबानं तर जन्मात जोडा घातला नाही.

कडूबा म्हणाला, "पाटलीनबाई, मले माग काढायची मनाई आहे. म्हणून म्या काढला नाही, नुसता पाह्यला. आता तुमी सांगान तसं." आन् टोपली पुन्हा ठशावर पालथी घातली.

मले तवा एकच गोष्ट आठवली. सासूबाई सांगायच्या, माग शिवेबाहेर काढून देल्ला की गाव सुटलं, पुढच्या गावानं पाह्यावं. पण गावातच मुरला तर सगळी भरपाई गावानं करायची आन् पाटलाची पाटीलकी जप्त. मले दिसले ते हे, बाजेवर पडलेले, आन् त्याईच्या अंगावरची ती एवढीच उरलेली गोष्ट. आन् वरून माणसं म्याच आणलेले. लोकाईनं मले जितं सोडलं असतं का?

म्या पुंजाजीले म्हटलं, आज गुरं नेहमीच्या वाटेनं नको, सोनाराच्या मागून धर्मशाळेवरून काढ आन् नदीकडे घाल. तो म्हणाला, "काऊन बाई? तिकडं चारा नाही." म्या त्याच्यावर खेकसली. दोनशे खुरं-शिंगं त्या वाटेनं गेली, भाऊजी. टोपली कोणी उचलली म्हणता? म्या उचलली, माह्या हातानं.

कडूबा तिथीच उभा होता. "बरं" म्हणाला आन् घरी गेला. दुपारी फौजदार आले, आन् दफेदारानं बोट दाखवलं ते त्याच्याचकडे. फौजदारापुढं तो मागाचं बोलला. ते जाऊन पाहून आले, तर खुरं आन् शेण. माह्याकडे पाह्यलं त्याईनं. म्या म्हटलं, माग नदीकडे गेला.

आता कळलं, तो निर्दोष आहे हे मले कसं माहीत?

सत्यभामा


मौजे बोरखेडी
पौष शुद्ध ६

भाऊजी,

तुमचं पत्र तीन डाव वाचलं. तुमी लिहिता, मागाची ती रीत इंग्रजी अमलात केव्हाच गेली, गावाले भरपाई नाही, पाटीलकी जात नाही, असा कायदाच आज कुठं नाही. बाप्पा! जो धाक नव्हताच, त्याच्यापायी म्या गुरं घातली? चुलीपाशी बसून हसली मी, आन् मंग रडली. सासूबाई मरून आठ वर्षं झाली, त्याईच्या आजेसासूच्या वेळचं ते बोलणं असन. गावात एकाले हे ठाऊक नाही. तुमी घरात असते तर ओसरीवर बसल्या बसल्या एका वाक्यात सांगतलं असतं. तुमाले घालवलं कोणी, ते विचारू नका.

तुमी लिहिता, पुंजाजीचं बोलणं पुरायचं नाही, त्यानं ठसे पाह्यले नाहीत. कडूबाशिवाय ते पाह्यणारी मी एकटी. मी कोर्टात येऊन सांगतलं तर कडूबा सुटू शकते, आन् पुरावा मोडला म्हणून मले शिक्षा होऊ शकते. शिक्षेले मी भेत नाही. खरं सांगते, तुरुंगात मले इथल्यापेक्षा झोप लागन. पण मी निघाली का हे राह्यतात त्याईच्या हाती. संगं न्यावं तर गाडीचा धक्का ह्याईले सोसत नाही, आन् बाज गावाबाहेर काढली तर दफेदार आंधळा आहे का? पोलिसाईले सांगा म्हणावं, तर तुमीच लिहिता ते त्याचाच शब्द मानतात, पलटणीतला माणूस म्हणून. गावात त्याच्याशिवाय कोणाच्या हातात बंदूक नाही. गावची होती नव्हती ती काठी म्याच ठेवून घेतली.

तुमचं पत्र म्या ह्याईले वाचून दाखवलं. सगळं. गुराईचंही सांगतलं, आजपर्यंत सांगतलं नव्हतं. ह्याईनं डाव्या हातानं माह्यं मनगट धरलं. मले वाटलं, जवळ बस म्हणतात. तर दाराकडे लोटलं. मी पुन्हा बसली. पुन्हा लोटलं, एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मले राग आला. म्हटलं, मरायची हौस आली का? मी इथी कोणासाठी जीव टांगून बसली? तर डोळ्यातून पाणी, आन् हात दाराकडेच.

मी येणार नाही. समन्स धाडू नका, समन्सचा शिपाई गावात आला त्या दिवशी ह्याईची दाढी शेवटची होईन. दुसरं काही शोधा. एवढे वकील झाले तुमी, तुमाले कडूबासाठी माह्याशिवाय काही सापडत नाही का?

सत्यभामा


चिखली
संक्रांतीची कर

भाऊजी,

मी चिखलीत आहे. बैलं थकले, मीही थकली. पुंजाजी गाडी हाकून राह्यला. सकाळी बुलढाण्याले मोटार जाते, तिच्यासंगं ही चिठ्ठी पुढे धाडते, मी संध्याकाळपर्यंत पोचते. उद्या कडूबाची तारीख आहे ना? मले उभं करा.

काय झालं ते लवकर लिहिते.

मोतीराम गेल्यापासून मी रोज मनकर्णाबाईले भाकरी धाडते. भोगीच्या दिवशी बाजरीची भाकरी आन् भाजी घेऊन स्वतः गेली. तिनं विचारलं, "पाटलीनबाई, कडूबाले फाशी झाली का मले बरं वाटन का हो? सगळे म्हणतात, वाटन." म्या तिथीच तिले सांगून टाकलं. जोडे, टोपली, गुरं, सगळं.

तिनं हातातला घास ताटलीत ठेवला. मंग म्हणाली, "तीन महिने तुमच्या हातची भाकरी खाल्ली म्या." ताटली उचलून दारात नेऊन ठेवली, माह्यासाठी दार उघडं धरलं. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घरी आली. तिनं दफेदाराले जाऊन सांगतलं तर काय, हाही इचार आला मनात, खोटं कायले बोलू.

काल संक्रांतीले सकाळीच बायका वाण घेऊन घरी आल्या. ओसरी भरली. दाढीवाला माणूस वस्तरा घेऊन आलेला, बायका पाहून अंगणात थांबला, दफेदार त्याच्यासंगं. तेवढ्यात मनकर्णाबाई आली. हळदीकुंकवाच्या दिवशी, ती, पांढऱ्या कपाळानं. एकीनं तर पदर सावरून वाट देल्ली नाही. ती सगळ्याईच्या मधून सरळ आत गेली आन् ह्याईच्या बाजेपाशी जमिनीवर बसली. ह्याईचा डावा हात आपल्या हातात घेतला. परपुरुषाचा हात, भाऊजी, साऱ्या गावासमोर.

मले म्हणाली, "तुमी जा. मी बसते इथी."

म्या हळूच म्हटलं, "अवं, ते तुलेही सोडणार नाहीत."

ती म्हणाली, मोठ्यानं, अंगणात ऐकू जाईन असं, "माह्या माणसापाशी त्या दिवशी कोणी बसलेलं नव्हतं."

बायकाईले किती समजलं, कोणाले ठाऊक. पण कोणी उठली नाही. ज्याईचं वाण देऊन झालं होतं त्याही बसून राह्यल्या. दफेदार दारात आला, आत पाह्यलं. म्या वाणाचं ताट उचललं आन् म्हटलं, "माहेरी वाण द्यायले जाते, दोन दिवसात येते." त्यानं माह्याकडे पाह्यलं, मंग बाजेकडे. म्हणाला, "जा की बाई. पाटीलसाहेब आहेतच आमच्यापाशी."

मी ह्याईच्या पाया पडली. ह्याईनं माह्याकडे पाह्यलंही नाही, दाराकडेच पाह्यत होते. मी गाडीत बसली.

बायका किती वेळ बसतील? त्याईचे लेकरं आहेत, चूल आहे, धारा काढायच्या आहेत. एक रात गेली, आता दुसरा दिवस चालू आहे. वाटेनं मी पुंजाजीले पाच वेळा म्हटलं, गाडी फिरव. त्यानं फिरवली नाही. सहाव्यांदा म्हटलं तवा तो म्हणाला, "त्या दिवशी तुमचं ऐकलं ना बाई म्या. आज नाही ऐकत."

आता नीट ऐका. उद्या माह्यं नावगाव झालं की पहिलाच सवाल मागाचा विचारजा. सरकारी वकील मले खोटी म्हणतील, गुन्हेगार म्हणतील, म्हणू द्या, मी सगळं कबूल करते. घरचं काही विचारू नका. पाटील कसे आहेत, असं कोणी नुसतं म्हटलं तरी माह्यी जीभ तिथीच थांबन आन् तो म्हातारा फासावर जाईन.

आज दिवसात बोरखेडीहून काही निरोप आला असन तुमाले, तर माह्यी साक्ष होईतोवर मले सांगू नका. तोंडावर दिसू देऊ नका.

सत्यभामा